अपघातात निकामी झालेली मॉडिफाइड स्विफ्ट घरी खोलताना

कंपनीने जशी दिली तशीच राहिलेली गाडी खोलणे तुलनेने सोपे असते, कारण तिच्यातला प्रत्येक नट कुठे आहे हे छापील माहितीत सापडते आणि काढलेला भाग दुसऱ्या तशाच गाडीला सरळ बसतो. मॉडिफाइड गाडीचे तसे नसते. तिच्यातल्या भागाला भाव येतो तो त्याच्यासोबत काय काय आले आहे यावर. कॉइलओव्हरचा, म्हणजे उंची बदलता येणाऱ्या शॉक-स्प्रिंगचा, संच कितीही चांगला असो, उंची कमी-जास्त करण्याचा आकडीचा पाना आणि वरचे माउंट सोबत नसेल तर घेणारा लगेच हात आखडता घेतो. इंजिन ट्यूनिंगचा डबा असतो, पण त्याचे वायरिंग कापलेले असेल तर तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. म्हणून अशी गाडी खोलताना मुख्य भागापेक्षा त्याला गाडीशी जोडणाऱ्या किरकोळ वस्तूंची काळजी अधिक घ्यावी लागते. पुढील माहिती माझ्या चुलतभावाची २००७ सालची पेट्रोल स्विफ्ट आम्ही दोघांनी घरामागच्या अंगणात खोलली, त्या अनुभवावर आधारलेली आहे. ही गाडी समोरून उजव्या बाजूला धडकली होती, पुढच्या दोन्ही एअरबॅग फुटल्या होत्या, आणि १.३ लिटरचे जी१३बीबी इंजिन मात्र जागच्या जागी शाबूत दिसत होते.

पाना हातात घेण्याआधी कागद हातात घ्यावेत. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५५ नुसार गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली, तर मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी अधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्र जमा करायचे असते. कर्ज फिटलेले असूनही बोजा नोंदीत राहिला असेल, तर बँकेचा फॉर्म ३५ (बोजा उतरवण्याचा अर्ज) आणि ना-हरकत पत्र आधी मिळवावे. विम्याचा दावा चालू असताना गाडीला हात लावू नये. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या घोषित विमामूल्याच्या ७५ टक्क्यांपुढे गेला, तर ती पूर्ण नुकसान झालेली समजली जाते, आणि मग सांगाडा तुमचा की कंपनीचा हे तडजोडीच्या कागदावर स्पष्ट लिहून घ्यावे लागते. अंगणात उभी आहे एवढ्यावरून ती आपली ठरत नाही.

शेवटी उरणारा सांगाडा कोणाला द्यायचा, हेही सुरुवातीलाच ठरवावे. २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन भंगार केंद्र गाडी स्वीकारल्यावर ठेव प्रमाणपत्र देते. गाडीत कोणते भाग असायलाच हवेत, हे त्या केंद्राला आधी विचारावे. सगळे विकून झाल्यावर विचारण्यात अर्थ नाही. चासी क्रमांक कोरलेल्या पत्र्याला ग्राइंडर, रंग किंवा सँडपेपर लागू देऊ नये, आणि दोन्ही क्रमांकांचे स्पष्ट फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेवावेत.

आता धोक्याच्या वस्तू. आमच्या गाडीत पेट्रोल कुठेही गळत नव्हते, याची खात्री झाल्यावरच आम्ही बॅटरी काही मिनिटे वापरली, ती कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासण्यासाठी. इंजिन खाली काढल्यावर ही तपासणी करणे अवघड होते आणि घेणारा सर्वांत आधी हाच आकडा विचारतो, म्हणून ती आधीच उरकावी. इंधन पंपाचा फ्यूज काढावा, इग्निशन कॉइलचे सॉकेट सोडवावेत, चारही प्लग काढावेत, गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना ते पाहावे, एकाने ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि दुसऱ्याने मापक लावून स्टार्टर चार-पाच सेकंद फिरवावा. मापकाचा आकडा किती आला यापेक्षा चारही सिलिंडरमधला फरक किती, हे महत्त्वाचे असते. एखादाच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा स्पष्टपणे मागे असेल तर हेड गॅस्केट, व्हॉल्व्ह किंवा रिंगचा संशय धरावा. मापकावरच्या आकड्यांचा, गाडीचा क्रमांक दिसेल असा व्हिडिओ काढावा.

त्यानंतर आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार सोडवून बॅटरी बाहेर काढावी. मॉडिफाइड गाडीत एवढ्याने भागत नाही. या स्विफ्टच्या डिकीत ॲम्प्लिफायर आणि सबवूफरसाठी दुसरी लहान बॅटरी बसवलेली होती, आणि पुढून मागे गेलेली जाड लाल तार गालिच्याखालून, सीटच्या रुळाला घासत गेली होती. घासलेल्या जागी तिचे आवरण नखाने सोलल्यासारखे निघाले होते आणि आतले तांबे चकाकत होते. पुढची बॅटरी काढल्यावरही ती तार जिवंतच होती. तेव्हा डिकी, सीटखालची जागा आणि डॅशबोर्डच्या मागची बाजू पाहिल्याशिवाय गाडीत वीज उरलेली नाही असे मानू नये.

एअरबॅग न फुटलेली असेल, तर दोन्ही बॅटऱ्या काढल्यानंतर किमान अर्धा तास थांबावे, कारण तिच्या कंट्रोल युनिटमधील कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज टिकतो. तिच्या पिवळ्या कनेक्टरवर मल्टिमीटर लावून काहीही मोजू नये. ती काढायचीच झाली तर तिची तोंडाची बाजू शरीरापासून दूर धरून न्यावी आणि ठेवताना ती बाजू वर ठेवावी. सीटबेल्टच्या गुंडाळीतही स्फोटक ताणयंत्र असते, हे अनेकांना ठाऊक नसते. माझ्या मते एअरबॅग आणि सीटबेल्ट मुळीच विकू नयेत. ते भंगार केंद्रासाठी गाडीतच राहू द्यावेत. फुटलेल्या एअरबॅगची पांढरी भुकटी डोळ्यांना आणि त्वचेला झोंबते, म्हणून आतले काम हातमोजे आणि मास्क घालून करावे.

पेट्रोल हातपंपाने धातूच्या झाकणबंद डब्यात काढावे, आणि ते काढून होईपर्यंत गाडीजवळ ग्राइंडर, गॅसची बत्ती किंवा बिडी-सिगारेट आणू नये. एबीसी पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवावा. पेट्रोलच्या आगीवर पाणी मारल्यास ती पसरते. कूलंट जमिनीवर सांडू देऊ नये, कारण त्यातील एथिलीन ग्लायकॉल गोडसर असते आणि कुत्री-मांजरे ते चाटून मरतात. समोरून धडकलेल्या गाडीचा एसी कंडेन्सर बहुधा फुटलेला असतो. तो शाबूत असेल तर आर-१३४ए गॅस हवेत न सोडता एसीच्या कारागिराकडून मशीनवर काढून घ्यावा. जुने ऑइल गटारात ओतू नये, झाकणबंद कॅनमध्ये साठवून ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाला द्यावे. मूळ पेट्रोल गाडीत नंतर सीएनजी किट बसवलेले असेल, तर त्या टाकीला स्वतः हात लावू नये, अधिकृत केंद्राकडूनच ती उतरवून घ्यावी.

गाडी उचलण्याबाबत एकच सांगणे आहे. फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही, क्षणभरही, शिरू नये. घोड्या (गाडीचे वजन पेलणारे लोखंडी स्टँड) लावाव्यात, त्या मुरमाच्या किंवा मातीच्या जमिनीत रुतू नयेत म्हणून खाली जाड फळी द्यावी, आणि वाकलेल्या चासीला घोडी लावण्यापूर्वी तो भाग वजन पेलेल का ते पाहावे. आमच्या गाडीत उजवीकडची नेहमीची उचलण्याची जागा दुमडून गेली होती, त्यामुळे घोडी बरीच मागे लावावी लागली.

खोलण्याचा क्रम माझ्या मते नाजूक वस्तूंपासून जड वस्तूंकडे असावा. सगळ्यात आधी इलेक्ट्रॉनिक भाग काढावेत, कारण उघड्या गाडीत धूळ, दव आणि उंदीर सर्वांत आधी त्यांनाच लागतात. ट्यूनिंगचा अतिरिक्त डबा काढताना मला सर्वाधिक वेळ लागला. तो बसवणाऱ्याने ईसीएमच्या (इंजिनचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या) मूळ तारा मध्येच सोलून, झाळ न लावता, नुसत्या पिळून जोडल्या होत्या आणि वरून काळी टेप गुंडाळली होती. उन्हाने टेपचा डिंक पाझरून सगळा जुडगा चिकट झाला होता. अशा वेळी घाईने तार कापू नये. प्रत्येक जोडावर मास्किंग टेपची चिठ्ठी लावून मूळ तारेचा रंग, डब्याकडे गेलेल्या तारेचा रंग आणि कनेक्टरमधील तिचे स्थान लिहावे, फोटो काढावा आणि मगच पीळ सोडवावा. अगदीच कापावे लागले तर कनेक्टरपासून किमान एक वीत तार ठेवावी. ईसीएम विकायचे असेल तर इमोबिलायझरचे (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेचे) युनिट आणि चावी त्यासोबतच ठेवावी. एकटे ईसीएम दुसऱ्या गाडीत इंजिन चालू करू देत नाही.

चाके काढल्यावर अलॉय रिमची आतली बाजू पाहावी, बाहेरची नव्हे. तडे आतल्या कडेला पडतात आणि ब्रेकच्या काळ्या भुकटीखाली लपतात, म्हणून रिम साबणाने धुऊन, उजेडात, बोट फिरवून तपासावी. स्विफ्टच्या हबचा मधला व्यास ५४.१ मिलिमीटर असतो आणि बाजारातील अलॉयचे भोक सहसा त्याहून मोठे असते. ती फट भरणारी प्लास्टिकची किंवा ॲल्युमिनियमची कडी हबवरच चिकटून राहते आणि तशीच भंगारात जाते. चारही कड्या आणि अलॉयचे निमुळते नट एका डब्यात भरावेत. आम्ही यासाठी श्रीखंडाचे रिकामे डबे वापरले, झाकणावर भागाचे नाव आणि दिनांक लिहून. टायरवरचा चार आकडी कोडही नोंदवावा: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

कॉइलओव्हर काढण्यापूर्वी त्यांची उंची कॅलिपरने मोजून लिहून ठेवावी. मूळ शॉकॲब्सॉर्बर असतील तर स्प्रिंग दाबून धरणारा पाना लावल्याशिवाय वरचा मधला नट कधीही सोडू नये. दाबलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते. कॉइलओव्हर मात्र आख्खाच काढावा, तो खोलायची गरजच नसते. काढलेल्या शॉकचा दांडा हाताने गोल फिरवावा; एका जागी अडकत असेल किंवा मानेशी तेल पाझरलेले असेल तर तो गेला असे समजावे. धडकलेल्या बाजूचा शॉक, नकल, लोअर आर्म आणि स्टिअरिंग रॅक दिसायला कितीही सरळ असले तरी मी विकत नाही. केसाएवढा तडा डोळ्यांना दिसत नाही, आणि त्यावर पुढे कोणाचे तरी कुटुंब बसणार असते. चुलतभावाला हे पटवायला दोन दिवस लागले, कारण संच चार नगांचा विकला तर किंमत बरी येत होती. शेवटी तीन नग विकले आणि उजवा पुढचा कापून ठेवला, जेणेकरून भंगारवाल्याकडून तो पुन्हा बाजारात येऊ नये.

स्टीलचा हेडर, म्हणजे मूळ मॅनिफोल्डच्या जागी बसवलेला इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, काढताना मॅनिफोल्डचे नट उष्णतेने जाम झालेले असतात. आदल्या रात्री त्यांवर गंज सैल करणारे तेल मारून ठेवावे, सकाळी पुन्हा मारावे, आणि सहाकोनी गोटी लावूनच पाना ओढावा. बाराकोनी गोटीने नटाचे कोपरे झिजतात. नट थोडा सुटून पुन्हा घट्ट झाला तर जोर न लावता मागे-पुढे करत तेल द्यावे, नाहीतर स्टड मोडतो आणि हेडमधले आटे जातात. ऑक्सिजन सेन्सरला २२ मिलिमीटरची चीर असलेली गोटी लागते. मूळ मॅनिफोल्ड आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) अनेकदा मालकाच्या माळ्यावर पडलेले असतात. ते शोधून काढावेत, कारण प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियममुळे कन्व्हर्टरची किंमत मोठी असते आणि भंगारवाला ते सांगत नाही.

इंजिन आणि गिअरबॉक्स मिळून शंभर किलोंहून जड असतात. आंब्याच्या फांदीला किंवा पोर्चच्या स्लॅबमधल्या कडीला चेनकप्पी अडकवून ते उचलण्याचा मोह टाळावा आणि इंजिन क्रेन भाड्याने आणावी. पुढची पट्टी वाकलेलीच असल्याने ती कापून इंजिन समोरून ओढता येते, पण कापण्यापूर्वी पेट्रोलची नळी मोकळी झाल्याची खात्री करावी. इंजिन बाहेर आले की प्लगच्या भोकांतून थोडे थोडे ऑइल सोडावे, क्रँक हाताने दोनदा फिरवावा, प्लग परत लावावेत आणि सगळी तोंडे चिकटपट्टीने बंद करावीत. पावसाळ्यात उघडे ठेवलेले इंजिन महिन्याभरात आतून गंजते.

विकताना भाग अपघाताच्या गाडीतला आहे हे लेखी सांगावे, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत जवळ ठेवावी आणि इंजिनसारख्या क्रमांक असलेल्या भागासाठी घेणाऱ्याच्या ओळखपत्रासह पावती करावी. मॉडिफिकेशनच्या भागांबाबत घेणाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगणे योग्य ठरते: जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोंदणीतील तपशील कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल कलम ५२ नुसार करता येत नाही, आणि बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कॉइलओव्हर किंवा हेडर घेणारा तो कुठे आणि कशासाठी लावणार, हे त्याने ठरवायचे आहे. मात्र नियम ठाऊक नव्हता असे म्हणायची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नये.

भंगार केंद्राची गाडी येण्याआधी सांगाड्याला जुन्या लोखंडी रिमची चारही चाके, पुढची कशीबशी वळतील अशी, परत लावून ठेवावीत. आम्ही हे विसरलो आणि सांगाडा फरशीवरून फरफटत नेताना अंगणात दोन लांब चरे पडले ते पडलेच. काच उतरवण्यापूर्वी तिच्यावरचा फास्टॅग खरवडून काढावा आणि बँकेकडून तो बंद करून घ्यावा.