मोगऱ्याची परीटघडी झाली, त्याची गोष्ट

परफ्युमर व्हायचंय म्हणून कोणी भेटलं की मी आधी विचारतो, बाटल्या धुवायची तयारी आहे का? मुलुंडच्या वझे महाविद्यालयातला डिप्लोमा, माटुंग्याच्या आयसीटीतलं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) एम.टेक., कन्नौजचं एफएफडीसी (सुगंध आणि स्वाद विकास केंद्र) हे रस्ते तुम्ही शोधलेच असतील. कुठूनही या. माझी पहिली दोन वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म्युले काट्यावर तोलण्यातच गेली. तेव्हा रडू यायचं. आता वाटतं, हात तिथेच बसला. एक मात्र आजच सोडा, थेंब मोजणं. थेंब ड्रॉपरगणिक बदलतो, वजनच करा.

'जन्मतःच तीक्ष्ण नाक लागतं' ही अफवा आहे, घाबरू नका. लागते ती आठवण. रोज तेच वास घ्या आणि आपल्या शब्दांत वहीत उतरवा. माझ्या वहीत युजेनॉलपुढे 'दाताच्या डॉक्टरची खोली' आहे, फिनाइल इथाइल अल्कोहोलपुढे 'लग्नातलं गुलाबपाणी', इंडोलपुढे 'डांबरगोळी'. तीच डांबरगोळी चिमूटभर पडली की मोगरा जिवंत होतो.

आता मी कुठे आपटलो ते.

साबणासाठी मोगरा करायचा होता. बेंझाइल अॅसिटेट, लिनालूल, हेडिऑन, किंचित इंडोल, वर हिरवटपणा, इथवर ठीक. खाली टिकायला मस्क, म्हणजे कस्तुरीच्या जातीचा वास, म्हणून गॅलॅक्सोलाइड घातलं. ते मधासारखं घट्ट, म्हणून बहुधा ५० टक्के पातळ करून मिळतं. ५ टक्के घातलं, ब्लॉटर (वास घ्यायची कागदी पट्टी) हुंगला, काहीच नाही. ८ केलं. १२ केलं. दुसऱ्या दिवशीची पट्टी मला कोरीच वाटायची. माल जुना असेल म्हणून नवी बाटली उघडली आणि १८ वर गेलो. आमच्या इव्हॅल्युएटर, म्हणजे वास पारखणाऱ्या, बाईंनी पट्टी नाकाशी नेली न नेली तोच म्हणाल्या, "अहो, मोगरा कुठाय? ही तर परीटघडी!" (धुलाईच्या पावडरीत हेच मस्क वर्षानुवर्षं पडत आलंय, त्यामुळे लोकांच्या नाकात त्याचा अर्थ 'धुतलेला कपडा'.)

बाटली ताजीच होती. मला तो वासच येत नाही. आजही नाही.

हे नीट समजून घ्या, कारण हे कळायलाच मला आठ महिने लागले. नाक थकणं वेगळं. दहा मिनिटं बाहेर जाऊन आलात, स्वतःच्या कोपराचा वास घेतलात की थकलेलं नाक परत येतं. (कॉफीच्या बिया हुंगणं हे दुकानातलं नाटक आहे, असं माझं मत.) इथे मात्र कितीही विश्रांती घ्या, तो एक रेणू नाकाला दिसतच नाही, बाकी सगळं लख्ख. मस्कचे रेणू मोठे असतात आणि त्यांच्याबाबत असं पुष्कळांचं होतं. म्हणून पहिल्याच महिन्यात परीक्षा घ्या. तीन पट्ट्या, एकीवर मस्क, उरलेल्या दोन्हींवर नुसता सॉल्व्हंट (मस्क पातळ करायचं द्रव). आकडे मागच्या बाजूला, तेही दुसऱ्याने घातलेले. प्रत्येक मस्कसाठी, वेगवेगळ्या दिवशी, पाच-सहा वेळा. एक मस्क येत नसेल तरी दुसरं येऊ शकतं. मला इथिलीन ब्रासिलेट व्यवस्थित येतं. आणि जे येत नाही त्याचा डोस वाढवू नका. वहीतला आकडा धरा, दुसऱ्याचं नाक उसनं घ्या.

हे सांगायची लाज वाटून मी गप्प बसलो, ती खरी चूक. नोकरी जाईल असं वाटलं होतं. कोणी साधं रागावलंही नाही.

जीसी-रिपोर्टवरून (गॅस क्रोमॅटोग्राफी, मिश्रणातले घटक वेगळे करून दाखवणारी चाचणी) बाजारातला वास उतरवून देणारे भेटतील. त्यात सामानाची यादी कळते, पण कुठला घटक कशासाठी घातलाय ते कागदावर येत नाही. गुरू निवडायचा तर आपल्या फसलेल्या ट्रायल दाखवणारा निवडा. माझे पहिले साहेब फॉर्म्युल्याचं पान हाताने झाकून बसत. आणि व्हॅनिलिन साबणात घालून पांढरी वडी तपकिरी करण्याचा पराक्रम तुम्हीही कराल. सगळेच करतात, त्याचं मनाला लावून घेऊ नका.

माझ्या शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईंना बीटा-आयोनोनमधली जांभळी फुलं येत नाहीत, नुसता आंबट वास येतो. त्या पट्ट्या त्या माझ्याकडे सरकवतात, मी मस्कच्या त्यांच्याकडे.