जुनी भुशाची बाहुली रंगवताना या चुका टाळा

माळा झाडताना ट्रंकेतून एखादी बाहुली निघते. चेहऱ्यावर बारीक भेगांचं जाळं, नाकाचा शेंडा उडालेला, एक हात सुटून फ्रॉकमध्ये अडकलेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती न्हाऊन, घासून, रंगवून 'नव्यासारखी' झालेली असते आणि पुढच्या पावसाळ्यात तिचा गाल सोलून हातात येतो. कोकणात हे इतक्या वेळा घडतं की आता वाईट वाटण्यापेक्षा राग येतो. चूक बहुतेक वेळा रंगाची नसतेच. बाहुली कशाची केलेली आहे हे न बघताच तिच्यावर हात चालवलेला असतो.

या बाहुल्या लाकडाचा बारीक भुसा आणि जनावरी सरस यांच्या लगद्याच्या असतात. काहींत राळ किंवा पीठही मिसळलेलं असतं. या लगद्याला 'कॉम्पोझिशन' म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांपर्यंत अमेरिकेत आणि युरोपात अशा बाहुल्या भरपूर निघाल्या. चिनी मातीची बाहुली पडली की फुटायची, ही फुटत नाही, हेच तिचं मोठेपण होतं. एफनबी कंपनीची पॅट्सी (1928) आणि आयडियल कंपनीची शर्ली टेम्पल (1934) याच जातीच्या. नंतर कडक प्लॅस्टिक आलं आणि लगदा मागे पडला.

लगदा साच्यात दाबून दोन अर्धे भाग काढत, ते जोडून सांधा घासत, अंगाच्या रंगात बुडवत किंवा फवारा देत, गालावर लाली, मग ब्रशने भुवया आणि ओठ, आणि शेवटी वरून पारदर्शक लॅकर. म्हणजे आत पाण्याने फुगणारा, वाळला की आकसणारा गाभा आणि बाहेर न ताणणारा रंग. चेहऱ्यावरचं भेगांचं जाळं यातूनच येतं. आमच्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 85-90 टक्क्यांवर जाते आणि थंडीच्या दिवसांत दुपारी बरीच खाली येते. त्यामुळे ही फुगण्या-आकसण्याची फेरी दरवर्षी होते.

आधी खात्री करा. मुंडकं काढून मानेच्या भोकातून आत बघा. तपकिरी, रवाळ, कोंड्यासारखं दिसलं आणि नखाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला तर ती भुशाची. फार हलकी, पातळ आणि उजेडात किंचित आरपार दिसणारी असेल तर ती सेल्युलॉइडची. 'गरम सुई टोचून बघा' हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, सेल्युलॉइड झपकन पेट घेतं.

पाणी, साबण आणि खळ्यातलं ऊन

ही सगळ्यात मोठी चूक. सारखी बघूनही तिची सवय होत नाही.

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका घरातली साधारण सोळा इंची बाहुली. रंगाला भेगा होत्या, पण रंग जागच्या जागी धरून होता. नवरात्रात मांडायची म्हणून ती भांड्यांच्या साबणाने घासून धुतली, नळाखाली धरली आणि ऑक्टोबरच्या उन्हात खळ्यात सुपावर वाळत घातली. दुपारपर्यंत वरून खडखडीत. संध्याकाळी गालावरचा रंग शिजलेल्या दुधाच्या सायीसारखा उचलला गेला, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंचा सांधा कानापासून मानेपर्यंत उघडला. भेगांतून पाणी आत गेलं, सरस मऊ झाला, भुसा फुगला. उन्हाने बाहेरचा थर तासाभरात वाळून आकसला, आतला ओलाच राहिला. मग फाटण्याशिवाय त्याला दुसरी वाट नव्हती. धुण्याने झालं त्यापेक्षा जास्त नुकसान वाळवण्याने झालं.

बाहुली भिजलीच, गळक्या कौलामुळे का होईना, तर तिला पुसू नका. कपडे आणि केसांचा टोप काढा, जुन्या धोतराचा तुकडा नुसता दाबून पाणी टिपा. सावलीच्या खोलीत जाळीवर किंवा सुपावर आडवी ठेवा. पंखा हळू आणि भिंतीकडे वळवलेला असावा, तिच्या अंगावर नको. तीन-चार तासांनी कूस बदला. हेअर ड्रायर नको, चुलीची ऊब नको, तांदळाच्या डब्यात पुरणं तर नकोच. रोज एकाच वेळी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि वहीत लिहा. सलग चार दिवस ग्रॅमचाही फरक पडला नाही की ती वाळली. याला दोन आठवडे लागतात, कधी चार. ज्यांना पुढच्या कामासाठी एवढं थांबवत नाही त्यांनी दुरुस्तीला हात न घालता, पूर्ण वाळल्यावर बाहुली तशीच कपाटात ठेवावी, तिचं काही बिघडत नाही.

साफ करायचं ते कोरडं. आधी मऊ, रुंद ब्रशने धूळ झाडा. मग पांढरं मऊ खोडरबर, भेगा नसलेल्या भागावर, एकाच दिशेने हलकं. त्यावर न निघालेल्या डागासाठी कानात घालायच्या कापसाच्या काडीला स्वतःची लाळ लावून काडी कोरडी वाटेल इतकी टिपून घ्या आणि डागावर लोळवत न्या. ऐकायला किळसवाणं वाटेल, पण संग्रहालयांतही ही पद्धत वापरतात, कारण लाळेतले घटक मळ सोडवतात आणि पाणी जवळजवळ लागत नाही. आधी टोपाखाली मागच्या बाजूला एक ठिपका करून बघा. काडीवर गुलाबी रंग आला तर तिथेच थांबा.

थिनर आणि नेलपॉलिश काढायचं द्रव यांनी मूळ रंग क्षणात विरघळतो. त्याबद्दल याहून जास्त बोलण्यासारखं नाही.

सगळी बाहुली घासून 'एकसारखी' करणं

घाईच्या माणसाला भेगा दिसल्या की पॉलिश पेपर आठवतो. सगळा चेहरा खरवडायचा, लांबी (पुट्टी) भरायची, दुकानातल्या ऑइल पेंटचे दोन जाड हात मारायचे. त्यात हात मारणाऱ्याला समाधान मिळतं आणि बाहुलीची नाकपुडी, पापणीची कड, हनुवटीवरची खळी बुजून जाते. साच्यातून आलेलं ते बारीक कोरीव एकदा घासलं की परत येत नाही. मानेमागे किंवा पाठीवर कंपनीची अक्षरं असतील तर तीही जातात, आणि बाहुली कुठली हे सांगणारा तेवढाच पुरावा असतो.

भेगा हा दोष मानू नका. रंग घट्ट असेल तर भेगा तशाच राहू द्या. हात लावायचा तो तीनच ठिकाणी: उचललेला रंग, उडालेला तुकडा, उघडलेला सांधा. आणि तेही याच क्रमाने.

उचललेल्या पापुद्र्याखाली 000 नंबरच्या ब्रशने फेव्हिकॉल सोडा. चार भाग फेव्हिकॉलला एक भाग पाणी, त्याहून पातळ नको. पापुद्रा बोटाने दाबू नका, तुटेल. वर दुधाच्या पिशवीचा धुऊन कोरडा केलेला तुकडा ठेवा, त्याला फेव्हिकॉल चिकटत नाही. त्यावर चमचाभर वाळूची फडक्यातली पुरचुंडी, चोवीस तास. एका दिवशी रुपयाच्या नाण्याएवढाच भाग घ्या. चेहरा मोठा आणि खराब असेल तर पंधरा दिवस जातील, आणि त्याला दुसरा उपाय नाही.

उडालेल्या जागी नळाच्या गळतीला लावतात ती दोन कांड्यांची इपॉक्सी पुट्टी भरणारे खूप आहेत. ती दगडासारखी होते. पावसाळ्यात भोवतालचा लगदा फुगतो, ती फुगत नाही, म्हणून वर्षभरात कडेने केसासारखी चीर पडते. शिवाय घासताना पुट्टी झिजत नाही, शेजारचा मूळ रंगच झिजतो. भरण बाहुलीच्याच जातीचं हवं. आंबा किंवा पांगारा असल्या फिकट लाकडाचा भुसा मलमलीतून चाळा (सागाचा नको, त्यात तेल असतं आणि डागही पडतो). तीन भाग भुसा, एक भाग खडूची पूड, आणि भाकरीच्या पिठाहून घट्ट मळलं जाईल एवढाच फेव्हिकॉल. एका वेळी दोन मिलिमीटरपेक्षा जाड थर देऊ नका, दोन थरांत पूर्ण दिवसाचं अंतर ठेवा. शेवटचा थर किंचित खालीच ठेवा. अर्धवट वाळल्यावर ओलसर काडीने कडा सपाट करा, म्हणजे पॉलिश पेपरची गरज जवळजवळ पडत नाही. पडलीच तर 400 नंबरचा, नखाएवढा तुकडा, फक्त भरणावर. शेजारचा रंग वाचवायला चिकटपट्टी लावू नका, ती निघताना रंग घेऊन निघते.

सावंतवाडीच्या गंजिफांचं (हाताने रंगवलेल्या पत्त्यांचं) बघून काहीजण चिंचोक्याची खळ आणि खडू वापरतात. गंजिफाच्या कापडावर ती खळ उत्तमच बसते, तिथे शतकांचा अनुभव आहे. इथे मात्र तिच्यातलं पाणी थेट सरसाला भिडतं, आणि राहिलेली खळ झुरळं व कसर खातात.

भरण वाळल्यावर त्यावर, फक्त त्यावर, चपड्याचा (शुद्ध केलेल्या लाखेचा) एक पातळ हात द्या: 100 मिली स्पिरिटमध्ये 10 ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळलेला. मूळ रंगावर तो जाऊ देऊ नका, स्पिरिटने जुना लॅकर मऊ पडू शकतो.

रंगाचं

ट्यूबवर 'स्किन' लिहिलेला रंग कुठल्याही जुन्या बाहुलीला जुळत नाही. पांढऱ्यात पिवळी गेरू, कणभर बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि सुईच्या टोकाएवढा लाल, या क्रमाने मिसळा. वरचा लॅकर पिवळटलेला असतो, म्हणून पिवळी गेरू अंदाजापेक्षा थोडी जास्तच लागते. अ‍ॅक्रिलिक वाळल्यावर एक छटा गडद होतो, तेव्हा कागदावर वाळवून मगच लावा, आणि सकाळच्या पडवीतल्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. दुधासारखे पातळ पाच-सहा हात द्या. भरणाच्या कडेबाहेर मूळ रंगावर ब्रश नेऊ नका. 'थोडं पुढे नेऊन मिसळून टाकू' म्हणता म्हणता सगळा गाल रंगतो.

भुवया एका रेषेत ओढू नका, जुन्या भुवया सुटसुटीत केसांच्या असतात. ओठ लहान ठेवा. लाली ब्रशने न देता पेस्टल खडूची पूड कापसाने चोळून द्या. सगळ्यावर मॅट अ‍ॅक्रिलिक वार्निश, एकच हात. घरातल्या दारांना लावायचं चकचकीत रोगण लावलं की ती बाहुली राहत नाही, आणि ते पिवळंही पडतं.

डोळे उघडझाप करणारे असतील आणि त्यांवर तडे गेले असतील तर शिलाई मशीनचं तेल सोडण्याचा सल्ला मिळतो. चार दिवस डोळे चमकतात. मग तेल कडेने लगद्यात झिरपतं, डोळ्यांभोवती काळपट वलय येतं आणि त्यावर पुढे कुठलाही रंग धरत नाही. तडे राहू द्या.

हवामान न बघता काम काढणं

मिरगापासून दसऱ्यापर्यंत ब्रश खाली ठेवा. ज्यांच्याकडे आर्द्रता मोजायचं यंत्र नाही त्यांनी भाजलेला पापड तासभर उघडा ठेवावा. मऊ पडला तर त्या दिवशी काम नाही. बरणीतलं मीठ पाझरत असेल तर बघायचीही गरज नाही. ओल्या हवेत चपडा पांढुरका पडतो, स्प्रे वार्निशवर ढग येतो, आणि भरण वरून वाळून आत दमट राहतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. लग्न, बारसं, वाढदिवस अशा तारखेला बांधून हे काम घेऊच नका.

आतले आकडे आणि इलॅस्टिक

बाहेरून सुंदर झालेली बाहुली आतून फुटते ती इथे. हातपाय धरणारे लोखंडी आकडे खाऱ्या हवेत गंजतात. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आकड्याभोवतीचा लगदा आतून ढकलला जाऊन खांद्याशी चीर पडते. ती चीर बाहेरून कितीही भरली तरी परत येते. जुना आकडा हलत असेल तर काढून पितळी तारेचा बसवा. घट्ट रुतला असेल तर ओढू नका, सुटा गंज कोरड्या ब्रशने झाडून वर चपड्याचे दोन हात द्या.

हातपाय आतून बांधणाऱ्या नाडीसाठी गोल इलॅस्टिक घ्या, पायजम्याचं चपटं नको. चौदा-सोळा इंची बाहुलीला तीन मिलिमीटरचं पुरतं. नवखा माणूस हात डगडगू नये म्हणून ते ताणून बांधतो, आणि तो ताण रात्रंदिवस खांद्याच्या भोकाच्या पातळ कडेवर बसतो. हात वर केला तर जागेवर राहावा, बोटाने हलकं ढकलताच खाली यावा, एवढाच ताण हवा. मुंडकं उचलल्यावर मान धडापासून सहज बोटभर वर यायला हवी. नाही आली तर गाठ सोडून परत बांधा.

ठेवताना वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई आणि आम्ल दोन्ही उतरतात. धुतलेलं, पूर्ण वाळलेलं सुती कापड वापरा. आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) आधी, कोरड्या दिवशी, झाकण घट्ट बसणाऱ्या पारदर्शक डब्यात ठेवा. सोबत नारिंगी सिलिका जेल (ओल शोषणारे मणी), बुटांच्या खोक्याएवढ्या डब्याला 200 ग्रॅम, कापडी पुरचुंडीत. थोडे मणी वेगळ्या जाळीदार पिशवीत बाहेरून दिसतील असे ठेवा. ते हिरवे पडले की बाहुलीला हात न लावता फक्त पुरचुंडी बदला आणि जुने मणी ओव्हनमध्ये 120 अंशांवर दोन तास तापवून परत वापरा.