कॉलेजजवळ पार्किंग काढायचं म्हणताय? बेळगावच्या अनुभवावरनं थोडं

खानापूर रोडच्या बाजूला ज्यांची जागा आहे त्यातले निम्मे लोक कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच, की बाबा समोर कॉलेज आहे, रोज पोरांच्या गाड्या रस्त्यावर लागतात, आपली दहा गुंठे मोकळी पडलीत, तार मारून पार्किंग काढू काय. काढा की. पण हा धंदा बाहेरनं दिसतो तसा नाही. लोकांना वाटतं जागा आहे म्हणजे पैसा आहे, आणि खरं सांगायचं तर जागेचं काम तिसऱ्या नंबरला येतंय, आधी येतो तो सकाळचा एक तास आणि नंतर चिखल.

सकाळी साधारण साडेआठ ते साडेनऊ ह्या वेळेत दिवसातल्या निम्म्याहून जास्त गाड्या येतात, आणि सगळ्यांना लेट झालेला असतोय. त्या तासात गेटवर पोरगं अर्धा मिनिट थांबलं की मागं लाईन लागते, लाईन रस्त्यावर गेली की ट्रॅफिक पोलीस येतात, आणि पोरं दुसऱ्या दिवसापासनं परत फुटपाथवर लावायला लागतात. म्हणून सकाळी गेटवर पैसे घ्यायचेच नाहीत, हा माझा नियम आहे. क्यूआर लावा, साउंडबॉक्स ठेवा, सगळं करा, पण गर्दीच्या वेळी पोराचं नेट गेलेलं असतं नाहीतर सर्व्हर डाऊन, आणि "मामा थांबा, झालं की पेमेंट" म्हणत ते तिथंच गाडीवर बसून राहतंय. पास काढा. महिन्याचा नाहीतर सेमिस्टरचा. पासवाले सरळ आत, रोजचे सुट्टेवाले टोकन घेऊन आत आणि पैसे बाहेर जाताना, कारण सुटायची वेळ प्रत्येकाची वेगळी असते, तिथं एवढी घाई नसते.

जागा घ्यायच्या आधी मोजणी करा. सोमवारी नाहीतर मंगळवारी सकाळी कॉलेजच्या गेटसमोर चहाच्या गाड्यावर बसा आणि रस्त्याकडेला किती दुचाक्या लागतात ते कागदावर मांडा, शनिवारी जाऊन मोजू नका, शनिवारचा आकडा काही कामाचा नाही. आणि आतली चौकशी पण करा, कॉलेज स्वतःचं पार्किंग वाढवणार आहे काय, पहिल्या वर्षाच्या पोरांना गाडी आत सोडतात काय, हे वॉचमनला सगळं माहीत असतंय. एखादं कॉलेज आतली जागा बिल्डिंगला घेतंय आणि पोरांच्या गाड्या बाहेर काढतंय असं कळलं तर तिथं आधी जा.

बेळगावात कॉलेजं पण एकसारखी नाहीत ओ. टिळकवाडीत आरपीडी क्रॉसच्या बाजूला पोरं शहरातलीच, अनगोळ वडगाव शहापूरची, पाच-दहा मिनिटात घरी, त्यांना पैसे देऊन गाडी लावायची सवय नाही. उद्यमबाग, पिरनवाडी, मच्छे ह्या बाजूला खेड्यातनं, खानापूरकडनं येणारी पोरं जास्त, दिवसभर गाडी उभी, त्यांना पास परवडतो. हिंडलगा, उचगावच्या बाजूला गेला तर शिनोळीपलीकडची चंदगड तालुक्यातली पोरं एमएच ०९ च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या गाड्या घेऊन येतात. मच्छेला व्हीटीयू, म्हणजे विश्वेश्वरय्या टेक्निकल युनिव्हर्सिटी आहे, १९९८ ला झालेलं विद्यापीठ, पण तिथं बाहेरगावची गर्दी वेगळी, म्हणजे कर्नाटकातनं कुठनं कुठनं माणसं सर्टिफिकेटच्या कामाला येतात, पदवीदानाला आईबापांना घेऊन कारनं येतात, ते एका दिवसाचं गिऱ्हाईक. चन्नम्मा विद्यापीठ २०१० चं, ते हायवेला भूतरामनहट्टीला, म्हणजे गावाबाहेर, तिथं मोकळी जागाच एवढी की पैसे देऊन कोण लावणार हा प्रश्न आधी स्वतःला विचारा. आणि हॉस्पिटलच्या शेजारी पार्किंग काढणार असाल तर ते वेगळंच प्रकरण, रात्रंदिवस माणूस लागतोय, त्यात मी पडलो नाही.

एक गोष्ट गेल्या काही वर्षांत बदलली. जून २०२३ पासनं शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट नाही. सकाळच्या खेड्यावरच्या बस इतक्या भरून यायला लागल्या की लोंबकळत येण्यापेक्षा पोरांनी गाडी काढली, निदान माझ्याकडं पास काढायला आलेले पाच-सहा जण तरी हेच सांगत होते. मुलींच्या स्कुट्या तेवढ्या वाढल्या नाहीत. चंदगडकडच्या मुलींना मात्र ती योजना लागू नाही, त्या अजून स्कुटीवरच.

आता जागेचा हिशोब. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एका दुचाकीला साधारण तीन बाय सात जागा, त्यात मधली वाट धरली की पस्तीस फूट धरा, म्हणजे गुंठ्यात तीस गाड्या आरामात. कारला वाटेसकट अडीचशे फूट तरी पाहिजे, म्हणजे गुंठ्यात चारच कार. आता कारवाला तुम्हाला दुचाकीच्या सातपट पैसे देणार आहे काय? नाही देणार. शिवाय कारवाला मास्तर असतोय, दोन वाजता जातो आणि मागं लावलेली दुसऱ्याची कार काढा म्हणतो. म्हणून सुरवातीला फक्त दुचाकी घ्या, कार घ्यायचीच तर पदवीदान, गॅदरिंग, प्रवेशाचे दिवस, तेवढ्यापुरती.

पैशाचं कागदावर बघा. समजा महिन्याचा पास २०० रुपये आणि २०० जण, म्हणजे ४० हजार. त्यातनं दोन माणसांचे पगार, भाडं, लाईट, आणि उरलेल्यातनं दरवर्षीचा मुरूम. आणि हे बारा महिने नाही, वर्षातले दोन मोठे सुट्टीचे तुकडे कोरडे जातात, म्हणून आठ-नऊ महिन्यांचाच हिशोब धरा, जागामालक मात्र भाडं बारा महिन्यांचं मागतोय. जीएसटीला घाबरू नका, सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखाच्या आत असली तर नोंदणी लागत नाही, आणि एवढ्या पार्किंगातनं २० लाख झाले तर मला पण बोलवा.

आता चिखल. बेळगावचा पाऊस ज्याने बघितलाय त्याला सांगायला नको, जून ते सप्टेंबर जमीन वाळतच नाही. काळ्या मातीत साइड स्टँड रुततो, एक गाडी आडवी झाली की पूर्ण रांग आडवी, आणि मग संध्याकाळी तीस पोरं एकदम येऊन इंडिकेटरचे पैसे मागतात. मे महिन्यातच जमिनीला मागं गटाराकडे उतार द्या, रस्त्याकडे नको, खाली खडी, वर लाल मुरूम, आणि रोलर फिरवून घ्या, नुसता मुरूम पसरून ठेवला तर पहिल्या पावसात वाहून शेजाऱ्याच्या शेतात. जिथं स्टँड येतो तिथं पट्टीला पेव्हर ब्लॉक टाकला तर उत्तम, सगळीकडे टाकायची गरज नाही. पत्र्याचं शेड लोक मागतात, पण शेड म्हणजे बांधकाम आलं, परवानगी आली, आणि वाऱ्याला पत्रे उडाले तर खाली गाड्या. मी तरी पहिल्या वर्षी शेडमध्ये पैसे घालू नका म्हणतो. त्यापेक्षा हेल्मेट ठेवायला एक बंद खोका नाहीतर पत्र्याची छोटी खोली करा, कारण गाडी भिजली तरी चालते, ओलं हेल्मेट कुणाला नको. आमच्याकडे मागच्याला पण हेल्मेट लागतंय त्यामुळं एका गाडीमागं दोन-दोन येतात, खुट्या तेवढ्या जास्त मारा. खुटीवर टोकनचा नंबर लिहा.

टोकनवरनं आठवलं. रजिस्टरमध्ये नुसते शेवटचे चार आकडे लिहायची सगळ्यांना सवय असते, ती बेळगावात चालत नाही, बेळगावचं केए २२ आणि एमएच ०९ दोन्हीत तेच चार आकडे सहज निघतात, वरनं अधूनमधून गोव्याच्या गाड्या. दोन काळ्या स्प्लेंडर, शेवटी सेम नंबर, आणि चुकीच्या माणसाला टोकन, मग काय होतंय ते बघा. पूर्ण नंबर लिहा, नाहीतर आत येताना मोबाईलवर नंबर प्लेटचा फोटो मारायचा, सोपं काम.

बोर्ड लावणार असाल तर दोन गोष्टी. पहिली, नावाच्या बोर्डावर ६० टक्के कन्नड आणि ते वरच्या बाजूला, हे २०२४ पासनं कायद्यातच आलंय. खाली मराठी घाला, काही अडत नाही. ह्यावर वाद घालणारे भेटतील, वादाला बेळगावात माणसं कमी पडत नाहीत, आपण पेंटरला सांगून मोकळं व्हायचं. गेटवरच्या माणसाला मात्र दोन्ही भाषा आल्याच पाहिजेत, धारवाड, बागलकोटकडची पोरं रूम घेऊन राहतात ती मराठीत बोलत नाहीत. ह्या कामाला वीस वर्षाचं पोरगं ठेवू नका, ते मोबाईल बघत बसतंय आणि पोरींच्या गाड्या आधी काढून देतंय. उद्यमबागेत फाउंड्रीतनं नाहीतर मशीन शॉपमधनं रिटायर झालेले मामा मिळतात, वेळेवर येतात, दोन्ही भाषा बोलतात, आणि पोरं त्यांना ऐकतात.

दुसरी गोष्ट, "गाडी मालकाच्या जबाबदारीवर" असा बोर्ड सगळे लावतात आणि त्याच्यावर निवांत झोपतात. झोपू नका. तुम्ही पैसे घेऊन, टोकन देऊन दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की कराराच्या कायद्यात, म्हणजे १८७२ च्या काँट्रॅक्ट ॲक्टमध्ये, आपली वस्तू सांभाळतो तेवढी तरी काळजी घ्यायची जबाबदारी तुमच्यावर येते. ताजमहाल हॉटेलच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१९ ला हेच धरलं, १९९८ सालची गोष्ट, पाहुण्याने मारुती झेन चावीसकट हॉटेलच्या माणसाकडे दिली, ती चोरीला गेली, कुपनावर छापलेलं होतं की जबाबदारी मालकाची, कोर्टाने ते मानलं नाही, हॉटेलने आपला हलगर्जीपणा नव्हता हे दाखवायला पाहिजे होतं. आपलं पार्किंग काही ताज नाही, पण ह्यातनं कामाचं एवढंच की चावी घ्यायची नाही. हँडल लॉक करू नका म्हणून सांगा, सरकवायला बरं, पण चावी त्याच्याच खिशात. कॅमेरा गेटवर असा लावा की नंबर आणि चेहरा दोन्ही दिसेल. एखाद्या ओळखीच्या इन्शुरन्स एजंटला बसवून जबाबदारीची पॉलिसी काय मिळते ते विचारा. आणि आठवडाभर कुणी न्यायला आलं नाही अशी गाडी दिसली की पोलीस स्टेशनला लेखी कळवून पोच घ्या, चोरीच्या गाड्या लपवायला पार्किंगसारखी जागा नाही.

पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांचं काय करायचं, हा खरा त्रासाचा भाग. कॉलेज त्यांना गाडी आणू देत नाही, म्हणूनच ती तुमच्याकडं येतात, आणि रोज येतात, पैसे पण वेळेवर देतात. पण सोळा-सतराचं पोरगं ॲक्टिवा चालवतंय म्हणजे लायसन नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पकडलं तर आईबापाला नाहीतर गाडीमालकाला २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद आहे. पार्किंगवाल्याला त्या कलमात धरत नाहीत, म्हणून बरेच जण डोळे झाकून घेतात. माझं मत, पास देताना लायसन बघा, नसेल तर पास नाही. थोडी गिऱ्हाइकं जातील, पण एखाद्या पोराचा ॲक्सिडंट झाला आणि ते रोज कुठं गाडी लावत होतं हे विचारत त्याचे घरचे तुमच्या दारात आले तर गाव लहान आहे ओ.

परवान्याचं आटोपशीर सांगतो. जागा महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर पालिकेचा व्यापार परवाना, मच्छे-पिरनवाडीकडे स्थानिक पंचायत जी असेल ती, कॅम्पात असेल तर कँटोन्मेंट बोर्ड, तिघांचे नियम वेगळे, आधी हद्द बघा. उताऱ्यावर शेती लागलेली असेल तर धंद्यासाठी एनए, म्हणजे बिगरशेती करून घ्यावं लागतंय, भू-महसूल कायद्याचं ९५ कलम, अर्ज डीसीकडे, म्हणजे जिल्हाधिकाऱ्याकडे जातो. "दोन वर्ष कोण बघतंय" म्हणणारे एजंट भेटतात, पण शेजाऱ्याशी बांधावरनं भांडण झालं की पहिली तक्रार हीच जाते. लाईट घरच्या मीटरवरनं ओढू नका, वीज कंपनीचं, म्हणजे हेस्कॉमचं कमर्शियल कनेक्शन घ्या, आता इलेक्ट्रिक स्कूटरवाले प्लग मागायला लागलेत, त्यांच्याकडनं वेगळे पैसे घ्यायचे तर मीटर पण तसाच पाहिजे.

आणि भाड्याने जागा घेत असाल तर ॲग्रीमेंट. मालक अकरा महिन्यांचं करूया म्हणतो, कारण वर्षाच्या वरचं रजिस्टर करावं लागतंय आणि त्याला तो खर्च नको असतो. तुम्ही मुरूम, रोलर, तार, गेट, कॅमेरा सगळं पहिल्याच मे महिन्यात घालणार, आणि अकरा महिन्यांनी जागा सपाट, कोरडी, पोरांना सवय लागलेली, असं तयार झाल्यावर मालकाचा मेव्हणा पार्किंग चालवणार. हे दोन ठिकाणी होताना बघितलंय. तीन वर्षांचं करा, रजिस्टर करा, खर्च निम्मा तुम्ही उचला हवा तर. त्यात सुट्टीच्या दोन महिन्यांचं भाडं अर्धं असं लिहून घ्यायचा प्रयत्न करा, बरेच मालक तयार होतात, फक्त आधी विचारलं पाहिजे, सही झाल्यावर कोण ऐकत नाही. आणि जाताना गेट, तार, पेव्हर कुणाचे आणि मुरुमाचे पैसे मिळणार की नाही, हे पण एका ओळीत लिहून घ्या.