वावरात सापडलेला दगड वाचायचा कसा

पाऊस उघडला, वावरातली माती धुऊन गेली की मला फोन यायला लागतात. "बाई, धुऱ्यापाशी अंड्यासारखा दगड सापडला. डायनोसॉरचं अंडं असन का?" चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोऱ्याच्या भागात ३१ वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं. तेव्हाची माझी मुलं आता शेती करतात, ट्रॅक्टर चालवतात, विहिरी खणतात, म्हणजे जमिनीतून वर आलेला दगड सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. प्रत्येकाला मी आधी एकच सांगते: उचलू नकोस. होता तिथेच राहू दे, आणि फोटो काढ. पुढचं सगळं फोनवर सांगून होत नाही, म्हणून इथे लिहिते.

उचलू नकोस असं मी का म्हणते, ते आधी ऐका. १९८९ साली सहावीतल्या एका मुलाने मला पांढरट, टणक दगड आणून दिला. त्यात शंखच शंख होते. मला इतका आनंद झाला की मी तो ब्रशने घासून धुतला, 'शंखांचे जीवाश्म' अशी चिठ्ठी लावली आणि प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवला. दोन वर्षांनी एक भूशास्त्रज्ञ शाळेत आले. त्यांनी दगड हातात घेतला, भिंगाने पाहिला आणि विचारलं, "हा कुठल्या थरातला?" मी त्या मुलाला विचारलंच नव्हतं. त्याचे वडील कामासाठी दुसरीकडे गेले होते, तोही गेला होता. भूशास्त्रज्ञांनी दगड हळूच परत कपाटात ठेवला. त्या दगडातला जीव कोणता ते मला आजही सांगता येतं, पण तो कोणत्या तळ्यात जगला, त्याच्या आधी तिथे काय होतं आणि नंतर काय आलं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. ही चूक माझी, आणि ती तुमच्याकडून होऊ नये.

म्हणून पहिलं काम पत्ता लिहिण्याचं. एक फोटो लांबून काढा, त्यात बांध, झाड, विहीर असं काहीतरी ओळखीचं यायला हवं. दुसरा जवळून, दगडाशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून. फोनमधलं लोकेशन टिपून ठेवा. मग वहीत लिहा: दगड मातीवर सुटा पडला होता की खडकात रुतलेला होता? रुतलेला असेल तर त्याच्या खाली कोणता खडक आहे, वर कोणता, रंग काय, शेजारी आणखी काय दिसतं? सुट्या दगडाला पाणी वाहून आणतं, त्यामुळे तो कुठून आला ते उताराच्या वरच्या बाजूला शोधावं लागतं. जमीन दुसऱ्याची असेल तर मालकाला विचारा. जंगलात, खाणीत किंवा संरक्षित जागेत काहीही उचलायचं नाही. आणि खणायचं तर कुठेच नाही. घरी आणलेल्या दगडाला व्हिनेगर, वार्निश, गोंद लावू नका. वर्तमानपत्रात गुंडाळा आणि वहीतला नंबर चिठ्ठीवर लिहून आत घाला.

आता तो जीवाश्म आहे का, ते बघू.

गोल दगडांबद्दल सगळ्यात जास्त निराशा करावी लागते. आपल्याकडचा काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, झिजताना कांद्यासारखा पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटतो आणि आत गोल गोटा उरतो. डोक्याएवढे गोटे असतात, मडक्याएवढे असतात, आणि दिसतातही अंड्यासारखे. पण फोडलेल्या गोट्यात शेवटपर्यंत तोच काळा दगड असतो. खऱ्या अंड्याला वेगळं कवच असतं, दोन-तीन मिलिमीटर जाडीचं, आणि भिंगाखाली त्याच्या पृष्ठभागावर बारीक बारीक उंचवटे दिसतात. मध्य प्रदेशातल्या धार जिल्ह्यात अशी ९२ घरटी आणि २५६ अंडी संशोधकांनी नोंदवली, तो अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ती अंडी साधारण १५ ते १७ सेंटीमीटर व्यासाची आहेत.

दुसरी फसवणूक नेच्यासारख्या नक्षीची. दगड फुटतो आणि आत काळी, नाजूक, फांद्या फुटलेली आकृती दिसते. ते बहुतेक वेळा मँगनीजचे ऑक्साइड असतात, भेगेतून पाणी झिरपताना साचलेले. पानाला मधली शीर असते, शिरांना क्रम असतो. या नक्षीला तो नसतो, आणि ती फक्त भेगेच्या पृष्ठभागावरच पसरलेली असते. हाड असेल तर तुटलेल्या बाजूला पावासारखी जाळी दिसते, आणि ओलं बोट लावलं तर किंचित चिकटतं. लाकडाचं दगड झालं असेल तर धागे आणि कधीकधी वर्तुळंसुद्धा दिसतात.

शंखाबद्दल मात्र मी थोडं सावकाश सांगणार आहे, कारण आपल्या भागात सापडतात ते जास्त करून शंखच. तो टोक वर करून धरा आणि त्याचं तोंड तुमच्याकडे वळवा. तोंड उजवीकडे उघडतंय की डावीकडे? बहुतेक गोगलगायींचं उजवीकडे उघडतं. आपल्या खडकांत फायसा नावाची जी गोगलगाय सापडते तिचं डावीकडे. शेजारीच निमुळती लिम्निया असते, तिचं उजवीकडे. एवढं बघायला कुठलंही उपकरण लागत नाही, पाचवीतलं मूलही बघू शकतं. फक्त एक सांभाळा: खडकात शंख नसून त्याचा खोलगट ठसा असेल तर डावं-उजवं उलटं दिसतं.

आता त्या शंखाला विचारा, तू कुठे राहत होतास? फायसा आणि लिम्निया गोड्या पाण्यातल्या. आजही त्यांचे नातलग उथळ, संथ पाण्यात, पाणवनस्पतींवर राहतात आणि श्वास घ्यायला पृष्ठभागाशी येतात. म्हणजे जिथे आज तुमची तूर उभी आहे तिथे एकेकाळी उथळ तळं होतं. मग वहीत बघा, वर कोणता खडक लिहिलाय? काळा दगड. खाली? तोही काळाच. म्हणजे खाली लाव्हा येऊन थंड झाला, मग पुष्कळ काळ शांतता, तेवढ्यात त्यावर पाणी साचलं, शेवाळं आलं, गोगलगायी आल्या, आणि मग पुन्हा लाव्हा येऊन सगळं झाकलं गेलं. दोन लाव्हांच्या मधल्या या थराला भूशास्त्रज्ञ इंटरट्रॅपियन म्हणतात. नागपूरच्या टाकळीचे असे थर एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी धुंडाळले, ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे. मुंबईत वरळीच्या अशाच थरात बोटाएवढ्याही नसलेल्या बेडकांचे सांगाडे सापडले आणि १८४७ मध्ये इंग्रज शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं. शंख तळं सांगतो. तळ्याच्या आधी काय होतं आणि नंतर काय आलं, ते वरखालचा खडक सांगतो. माझ्या कपाटातल्या दगडाने हे दुसरं गमावलंय.

आमच्या वरोरा तालुक्यात पिसदुरा म्हणून गाव आहे. तिथे लाव्हाच्याही आधीची तांबडी माती उघडी पडते, आणि तिच्यात मुठीएवढे, कधी त्याहून लहान, करडे-तपकिरी गोळे सापडतात. ते अश्मीभूत शेण आहे. वर्गात मी हे सांगितलं की मुलं नाक दाबून हसायची. मग मी त्यांना ज्वारीचं पान आणायला लावायची आणि कडेवरून अलगद बोट फिरवायला सांगायची. कड कापते, कारण गवताच्या पेशींमध्ये सिलिकाचे सूक्ष्म कण साठलेले असतात. पान कुजतं, जनावराच्या पोटात पचतं, पण ते कण टिकतात, आणि त्यांच्या आकारावरून गवताचा गट ओळखता येतो. वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रोमबर्ग, हबीब अलीमोहम्मदियन आणि अशोक साहनी या संशोधकांनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांमधून हे कण वेगळे काढले आणि २००५ मध्ये 'सायन्स' या विज्ञान नियतकालिकात मांडलं की डायनोसॉर असतानाच गवत होतं. तेही एकाच तऱ्हेचं नाही, निदान पाच प्रकारचं, त्यात आजच्या भात आणि बांबूच्या कुळाजवळचंही. तोपर्यंत गवत डायनोसॉरनंतरचं समजलं जायचं. त्या गोळ्यांमध्ये ताडवर्गीय आणि इतर झाडांचे अंशही आहेत, त्यामुळे ते प्राणी फक्त गवत चरत होते असं म्हणू नका. मिळेल ते खात होते, त्यात गवतही होतं. दात पाहून अन्नाचा अंदाज बांधता येतो. शेणात मात्र खाल्लेलं प्रत्यक्ष सापडतं. म्हणून ओबडधोबड गोळा दिसला तर तो फेकून देऊन सुंदर शंख शोधायला जाऊ नका.

शेजारी काय होतं ते लिहा, असं मी म्हणाले त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण गुजरातचं आहे. १९८४ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे धनंजय मोहबे यांना ढोली डुंगरी इथे डायनोसॉरचं घरटं सापडलं. अंडी होती आणि बारीक हाडं होती. ती सगळी हाडं पिल्लाचीच, असं बराच काळ वाटत होतं. पुढे जीवाश्मांचे अभ्यासक जेफ्री विल्सन यांना त्यात सापाचे मणके ओळखू आले, आणि २०१० मध्ये शोधनिबंध आला: साडेतीन मीटर लांबीचा साप, फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळं घालून, शेजारी नुकतं बाहेर आलेलं पिल्लू. त्याला सनाजेह इंडिकस नाव दिलं. कुणी त्यातून एकेक अंडं शोभेसाठी सोडवून नेलं असतं तर सापाची काही हाडं उरली असती, पण तो तिथे कशासाठी आला होता ते कुणालाच कळलं नसतं.

एका जीवातून दुसरा कसा घडला, हे वाचायचं असेल तर मोठ्या हाडापेक्षा लहान हाडाकडे बघायची सवय लावा. भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी जम्मूच्या कालाकोट भागातून गोळा केलेले दगड त्यांच्या पश्चात त्यांच्या पत्नीने जीवाश्मांचे अभ्यासक हान्स थेविसन यांना सोपवले. प्रयोगशाळेत एक कवटी साफ करताना कानाजवळचा भाग चुकून तुटला, आणि आतली भिंत विलक्षण जाड दिसली. तशी जाड भिंत देवमाशांच्या कानात असते. हा प्राणी मात्र चार पायांचा, मांजराएवढा, खुरांचा. इंडोहायस असं त्याचं नाव, काळ साधारण ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. त्याच्या पायांची हाडंही पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांसारखी जड होती. देवमाशाचं नातं जमिनीवरच्या खुरवाल्या प्राण्यांशी जुळतं, ते या कानाच्या हाडाने पक्कं केलं. ते दगड कितीतरी वर्षं तसेच पडून होते. कुणी टाकून दिले नाहीत, म्हणून हे कळलं.

नामशेष होणं वाचणं सगळ्यात कठीण, कारण तिथे जे नाही ते वाचायचं असतं. एका दगडावरून ते कधीच होत नाही. एकाच जागी खालचा थर आणि वरचा थर, दोन्ही लागतात: खाली हाडं आहेत, वर नाहीत. आणि वर नाहीत म्हणजे प्राणी संपले, की तिथल्या चिखलात हाडं टिकली नाहीत, हा प्रश्न दरवेळी विचारावा लागतो. म्हणून अनेक ठिकाणचे थर जुळवतात. पिसदुऱ्याच्या मातीत टिटॅनोसॉरची, म्हणजे लांब मानेच्या, झाडपाला खाणाऱ्या डायनोसॉरची हाडं आहेत. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जगभरच्या थरांत पक्षी सोडून सगळे डायनोसॉर थांबतात. त्या सीमेवरच्या मातीत इरिडियम, म्हणजे जमिनीत दुर्मिळ पण लघुग्रहांत पुष्कळ असणारा धातू, भरपूर आहे, हे अल्वारेझ पिता-पुत्रांच्या गटाने १९८० मध्ये दाखवलं, म्हणजे तेव्हा लघुग्रह आदळला होता, आणि मेक्सिकोतलं चिक्सुलुबचं विवर त्याच आघाताचं. त्याच सुमारास आपला काळा दगड लाव्हा होऊन वाहत होता. त्या लाव्हातून निघालेल्या वायूंचा या संहारात किती वाटा, यावर अभ्यासक आजही वाद घालतात, आणि त्यासाठी त्यांना आपल्याच भागातले थर मोजावे लागतात. बेडूक, कासवं, गोगलगायी यांचे वंश मात्र त्यातून पार पडले. म्हणून मला तो तळ्यातला शंख हाडाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

नोंद झाली की ती पोचवा. नागपुरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे, विद्यापीठांत भूशास्त्र विभाग आहेत. पत्र अर्ध्या पानाचं पुरे: काय दिसलं, कुठे, कोणत्या खडकात, सोबत दोन्ही फोटो. 'डायनोसॉर सापडला' असं लिहू नका, जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा.

मागच्या दिवाळीत माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलीने मला वहीचं पान पाठवलं. सातवीत आहे. पहिल्या फोटोत बाभळीचं झाड, धुरा आणि बाण काढून दाखवलेली उत्तर दिशा. दुसऱ्यात पांढरट खडक, त्यावर दहा रुपयांचं नाणं आणि नाण्याच्या कडेला नखाएवढा शंख. खाली पेन्सिलने लिहिलं होतं: "खडकात रुतलेला आहे. खाली काळा दगड, वर काळा दगड. तोंड डावीकडे. काढला नाही."