लो प्रेशर मोल्डिंगमध्ये नवीन येताय? आधी बुडबुडा ओळखा

बाबांची हयात बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीत, लोखंडाच्या ओतकामात गेली. डिप्लोमा झाल्यावर मी मोल्डिंगच्या कामाला लागलो म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "किती टनाचं मशीन?" टेबलावर बसतं म्हटलं, तर त्यांना थट्टाच वाटली.

आमच्याकडं पंपाचे सेन्सर व्हायचे. नखाएवढा सर्किट बोर्ड, त्याला वायर, आणि पाणी आत जाता कामा नये. नेहमीच्या प्लास्टिक मोल्डिंगला शेकडो बार दाब लागतो, त्यात बोर्डावरचे बारके पार्ट उखडून निघतील. इपॉक्सीचं पॉटिंग करावं, म्हणजे बोर्डावर इपॉक्सी ओतून तो बुजवावा, तर वाळायला तासन् तास. लो प्रेशर मोल्डिंगमध्ये पॉलिअमाइडचा हॉट मेल्ट, म्हणजे तापवल्यावर पातळ होणारं प्लास्टिक, 200 अंशांच्या आसपास पातळ करून ॲल्युमिनियमच्या साच्यात सोडतात, दाब फार तर 40 बार, बऱ्याचदा त्याहून पुष्कळ कमी. मिनिटाच्या आत पार्ट हातात.

इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, "शिशाचं सोल्डर 183 अंशांना वितळतं, मग 210 अंशांच्या रसात बोर्ड टिकतो कसा?" मी गप्प. रस थोडा, साचा गार. बरीचशी उष्णता साच्यातच ओढली जाते आणि सोल्डर तापेपर्यंत रस गोठायला लागलेला असतो. हे पाठ करू नका, समजून घ्या. पुढं तापमान ठरवताना रोज लागतं.

पहिल्या पावसाळ्यात माझी फजिती झाली. इकडचा जुलै तुम्हाला माहीतच आहे, आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत. पॉलिअमाइडच्या दाण्यांचं पोतं मी उघडंच ठेवलं होतं. सकाळी पार्टात बुडबुडे दिसले. मी दाब वाढवला, मग तापमान वाढवलं. बुडबुडे तर वाढलेच, वर दाणे वितळतात त्या टाकीतला माल करपून काळपट झाला. संध्याकाळी एक पार्ट खिशात घालून घरी आणला. आमचा माल मधाच्या रंगाचा, आरपार दिसणारा. बाबांनी तो बल्बसमोर धरला, दोनदा फिरवला आणि म्हणाले, "वाळू ओली हुती काय रे?"

नेमकं तेच. ओल्या वाळूत लोखंडाचा रस ओतला की ब्लो होल, म्हणजे वाफेची पोकळं पडतात, तसंच पॉलिअमाइड हवेतली ओल पितं आणि टाकीत तिची वाफ होते. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून सीलबंद पोतं फोडलं, पार्ट स्वच्छ आले.

तेव्हापासून माझा ठोकताळा असा: बुडबुडे सगळीकडं विखुरलेले असले की आधी ओलीचा संशय घ्यायचा. दर वेळी एकाच कोपऱ्यात असले तर हवा अडकतेय, गेट (रस साच्यात शिरायची वाट) किंवा व्हेंट (हवा बाहेर जायची फट) बघायचा. सेटिंगला हात सगळ्यात शेवटी. मशीन शिकवणारे मात्र सेटिंगपासूनच सुरुवात करतात, का ते देव जाणे.

दुसरी कटकट चिकटण्याची. पीव्हीसी केबलला हा माल छान धरतो. टेफ्लॉन, सिलिकॉन, पॉलिथिनला धरत नाही. केबलला तेलकट हात लागला किंवा बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला तरी फट राहते आणि पाणी केबलच्या कडेनं आत शिरतं. वरून पार्ट देखणाच दिसतो. म्हणून रोजचा पहिला पार्ट ब्लेडनं केबलच्या बाजूनं उभा चिरायचा आणि केबलवर बसलेल्या मालाची साल ओढून बघायची. अख्खी, गुळगुळीत निघून आली तर लाईन थांबवायची.

असे चिरलेले पार्ट मी कुंद्याच्या रिकाम्या डब्यात साठवलेत. नवीन पोरगा आला की मशीन दाखवायच्या आधी तो डबा त्याच्यापुढं ओततो.