जुनं इंग्रजी उतरवताना कॅपिटल अक्षरांच्या या चुका टाळा

जुना इंग्रजी मजकूर उतरवणारे नवखे कॅपिटल अक्षरं ‘दुरुस्त’ करतात, याचा मला मनापासून राग येतो. १७०० च्या आसपास इंग्रजी छापखाने बहुतेक नामांना कॅपिटल अक्षर देत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात छपाईतून ही पद्धत ओसरली, पण हाताने लिहिणाऱ्या अनेकांनी ती सोडली नव्हती.

एका प्रदर्शनाच्या फलकासाठी अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेची उद्देशिका हवी होती. मजकूर लावणाऱ्या मुलाने ‘पीपल’, ‘ऑर्डर’, ‘युनियन’ सगळं स्मॉल करून आणलं. त्या काळी नामं कॅपिटल असत, मूळ प्रत बघ, असं सांगितलं. त्याने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं आणि सरसकट सगळी नामं कॅपिटल करून फ्लेक्स छापायला दिला. मूळ चर्मपत्रावर जेकब शालस या लेखनिकाने ‘डिफेन्स’चा डी मात्र स्मॉल काढलाय. फ्लेक्स पुन्हा छापावा लागला. मूळ प्रतीचा फोटो अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर फुकट आहे. तो उघडायला कितीसा वेळ लागतो?

प्रत कोणती, तेही आधी टिपून ठेवा. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या चर्मपत्रावर ‘परस्यूट ऑफ हॅपिनेस’मधला पी स्मॉल आहे, तर मुद्रक जॉन डनलॅपने १७७६ मध्येच छापलेल्या प्रतीत तो कॅपिटल आहे. दोन्ही अस्सल. मी कागदावर छापून घेते, प्रत्येक कॅपिटलखाली पेन्सिलीने रेघ मारते आणि मग कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला लावते. वेळ जातो, पण दुसरा कुठलाच उपाय मला भरवशाचा वाटत नाही.

कॅपिटल दिसलं की त्यात जोर किंवा गूढ अर्थ शोधू नका. बहुतेकदा ती निव्वळ सवय असते.

देवासाठीची सर्वनामं पूर्वीपासून कॅपिटल असत, असं ठोकून देऊ नका. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये ती स्मॉल आहेत.

‘इंटरनेट’चा आय असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने २०१६ मध्ये स्मॉल केला. त्याआधीच्या बातम्यांत तो कॅपिटल दिसला, तर तसाच ठेवा.

आणि वर्डमधलं ऑटोकरेक्ट काम सुरू करण्याआधीच बंद करा. जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारे थॉमस जेफरसन हस्तलिखितात वाक्याची सुरुवातही अनेकदा स्मॉल अक्षराने करत. ऑटोकरेक्ट ती सगळी वाक्यं तुमच्या नकळत बदलून ठेवतं.