हजार वर्षांच्या राज्याचा वाद: प्रकटीकरणाचा विसावा अध्याय कसा अभ्यासावा

‘एक हजार वर्षे’ हे शब्द बायबलमधल्या प्रकटीकरण या शेवटच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सहा वेळा येतात. दुसऱ्या वचनापासून सातव्यापर्यंत प्रत्येक वचनात एकदा. ख्रिस्ताच्या राज्याला ही मुदत बायबलमध्ये दुसरीकडे कुठेही दिलेली नाही. हे राज्य ख्रिस्ताच्या पुन्हा येण्यानंतरचे, त्याआधीचे, की आताच चालू आहे, हाच वाद. म्हणून अभ्यासाची सुरुवात इथूनच करा. बहुतेक अभ्यासवर्ग उलट करतात: आधी फळ्यावर तीन-चार मतांचा तक्ता काढतात आणि मग त्यातल्या एका रकान्यात अध्याय बसवतात. तसे केले की वचनाने काय म्हटले हे कुणी पाहतच नाही, प्रत्येकजण आपला रकाना राखत बसतो.

चार बैठका ठेवा, प्रत्येकी साधारण दीड तासाची. दोन वेगवेगळी मराठी भाषांतरे, एक वही, दोन रंगांच्या पेन्सिली एवढे पुरे. टीकाग्रंथ (वचनांचा अर्थ उलगडणारी पुस्तके) पहिल्या दोन बैठकांत उघडू नका.

पहिली बैठक: नुसते वाचन

१९:११ (अध्याय १९, वचन ११) पासून २१:८ पर्यंत एका दमात मोठ्याने वाचा, तेही तीनदा. अध्यायांचे आकडे आणि छापलेली शीर्षके कागदाने झाका. मूळ लेखनात अध्याय नव्हते; ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आले, आणि नव्या कराराची आजची वचनविभागणी १५५१ ची आहे. एकोणिसावा संपून विसावा सुरू होतो तिथली मोकळी जागा पाहून वाचकाला नकळत वाटते की इथे नवी गोष्ट सुरू झाली किंवा आधीची पुढे सरकली. हे पुस्तक लिहिणाऱ्या योहानाने तसे काही सांगितलेले नाही.

एका रंगाने ‘मी पाहिले’ हे शब्द जिथे जिथे येतील तिथे खूण करा: १९:११, १७, १९, २०:१, ४, ११, १२, २१:१, २. दुसऱ्या रंगाने राष्ट्रे, सैतान, श्वापद, खोटा संदेष्टा आणि अग्निसरोवर. मग वहीत पाच प्रश्न लिहून प्रत्येकाखाली अर्धे पान कोरे सोडा. दृष्टान्त घटनाक्रमाने आहेत की एकच काळ पुन्हा दाखवतात? सैतान कधी बांधला गेला? ‘जिवंत झाले’ म्हणजे काय? राजासने कुठे आहेत? हजार हा आकडा मोजायचा की समजून घ्यायचा? उत्तरे पेन्सिलीने लिहा. ती बदलणार आहेत.

दुसरी बैठक: क्रम आणि बांधणे

क्रमाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंकडे खरा पुरावा आहे, तो शेजारी शेजारी मांडा. विसावा अध्याय एकोणिसाव्यानंतर घडतो म्हणणाऱ्यांचे बळ २०:१० मध्ये आहे. सैतानाला ज्या सरोवरात टाकतात तिथे श्वापद व खोटा संदेष्टा आधीपासून आहेत, आणि ते तिथे गेले १९:२० मध्ये. उलट, दृष्टान्त मागे जाऊन तोच काळ पुन्हा सांगतो म्हणणारे १९:१७-१८ कडे बोट दाखवतात. पक्ष्यांना दिलेले ते मेजवानीचे बोलावणे जुन्या करारातल्या यहेज्केल ३९ मधून घेतलेले आहे. २०:८ मधले गोग व मागोगही यहेज्केल ३८-३९ मधलेच. एका जुन्या भविष्यवाणीतून दोन लढाया, मध्ये हजार वर्षे, की एकच लढाई दोनदा? ग्रीकमध्ये १६:१४, १९:१९ आणि २०:८ या तिन्ही ठिकाणी युद्धाआधी निश्चयदर्शक उपपद आहे, म्हणजे ‘ते युद्ध’. शिवाय १९:२१ मध्ये ‘बाकीचे’ मारले गेले, तर २०:३ मध्ये फसवायला राष्ट्रे उरली कुठून? यावर पहिल्या बाजूचे उत्तर असे की मारले गेले ते सैन्य, सगळी मानवजात नव्हे. ते उत्तर टिकते, पण १९:१८ मधली ‘सर्व’ माणसे त्याला अडचणीची ठरतात. ही अडचण वहीत लिहून ठेवा.

बांधण्याच्या वचनात क्रियापदे मोजा: धरले, बांधले, टाकून दिले, बंद केले, शिक्का मारला. पाच क्रिया, आणि हेतू एकच: त्याने राष्ट्रांना आणखी फसवू नये. बांधणे येशूच्या पहिल्या येण्यातच झाले असे मानणारे मार्क ३:२७ मधल्या बलवानाला बांधण्याच्या दाखल्याकडे जातात (तिथेही तेच ग्रीक क्रियापद आहे), मग लूक १०:१८ आणि योहान १२:३१-३२ कडे. त्यांचे म्हणणे, सैतान निष्क्रिय झाला असे नाही, राष्ट्रांना सुवार्तेपासून अडवून धरण्याची त्याची ताकद गेली. हा मुद्दा हेतूच्या वाक्यावर उभा आहे, म्हणून तो हलका समजू नका. पण त्याला १ पेत्र ५:८ आणि २ करिंथ ४:४ यांना उत्तर द्यावे लागते, आणि त्याहून कठीण म्हणजे प्रकटीकरण १२. तिथे सैतान स्वर्गातून पृथ्वीवर पडतो आणि सर्व जगाला ठकवणारा म्हणवला जातो. इथे पृथ्वीवरून अगाधकूपात (तळ नसलेल्या खोल विवरात) जातो आणि त्याचे ठकवणे थांबते. दिशा उलट, परिणामही उलट. दोन्ही एकच घटना म्हणणाऱ्याने हा फरक समजावून सांगायला हवा.

तिसरी बैठक: ‘जिवंत झाले’

सगळ्या वादाचा कणा इथे आहे. पूर्ण दीड तास २०:४-६ ला द्या.

चौथ्या वचनात शिरच्छेद झालेल्यांचे आत्मे जिवंत होतात, पाचव्यात बाकीचे मृत हजार वर्षे संपेपर्यंत जिवंत होत नाहीत. दोन्हीकडे ग्रीक क्रियापद एकच: एझेसान, म्हणजे ‘जिवंत झाले’. पाचव्या वचनात ते शारीरिक उठणे आहे हे बहुतेक अभ्यासक मानतात. मग लागूनच असलेल्या चौथ्यात वेगळे का? एकोणिसाव्या शतकातील इंग्रज अभ्यासक हेन्री आल्फर्ड यांनी याच मुद्द्यावर जोर दिला होता, आणि शारीरिक पुनरुत्थानाच्या बाजूचा याहून भक्कम युक्तिवाद आमच्या मते दुसरा नाही. त्याला याच पुस्तकातली जोड आहे: २:८ मध्ये मेलेला आणि जिवंत झालेला ख्रिस्त, १३:१४ मध्ये तलवारीचा घाव लागूनही जगलेले श्वापद, दोन्हीकडे तेच क्रियापद.

समोरची बाजू योहान ५ उघडते. तिथे २५ व्या वचनात मृत ऐकून जगतील ती वेळ ‘आताच आहे’. २८-२९ मध्ये कबरेतले बाहेर येतील. एकाच भाषणात दोन जगणी, एक आत्मिक, एक शारीरिक, आणि लेखकपरंपराही योहानाचीच. आरंभीच्या शतकांतले धर्मशास्त्रज्ञ ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या विसाव्या भागात पहिले पुनरुत्थान म्हणजे नवा जन्म (विश्वासाने मिळणारे आत्मिक जीवन) असा अर्थ याच धाग्यावर लावला. मात्र इथे क्रम तपासा: वचनात आधी शिरच्छेद, मग जिवंत होणे. नवा जन्म शिरच्छेदाच्या आधी असतो. ही अडचण ओळखून त्या गोटातले बरेच अभ्यासक आता म्हणतात की हे मरणानंतर ख्रिस्तापाशी जगणे आहे. त्यांच्या मते ‘आत्मे’ हा शब्द त्यासाठीच वापरला आहे. क्रम सुटतो, पण पाचव्या वचनातले तेच क्रियापद पुन्हा समोर उभे राहते.

गटातल्या प्रत्येकाने इथे आपल्याला न पटणारी बाजू तीन मिनिटे मांडावी, आणि त्या बाजूच्या माणसाने ‘हो, आमचे म्हणणे हेच’ असे म्हणेपर्यंत थांबू नये. वेळ जातो, पण याशिवाय पुढची बैठक निव्वळ घोषणांची होते.

राजासनांचा प्रश्न थोडक्यात उरकेल. २०:४-६ मध्ये यरुशलेम, मंदिर, पृथ्वी यांपैकी एकही शब्द नाही. या पुस्तकात देवाचे आणि त्याच्या लोकांचे राजासन बहुतेक वेळा स्वर्गात दिसते. दुसरीकडे २०:९ मध्ये पवित्र जनांची छावणी पृथ्वीवर आहे आणि ५:१० मध्ये राज्य पृथ्वीवर म्हटले आहे. आकड्याच्या प्रश्नावरही फार वेळ घालवू नका. त्याने वाटते तितका निकाल लागत नाही. ख्रिस्त या हजार वर्षांच्या आधी येईल असे मानणाऱ्यांतही हजार हा पूर्णत्वाचा आकडा समजणारे आहेत. २ पेत्र ३:८ मात्र इथे पुरावा म्हणून वापरू नका. ते वचन देवाच्या धीराबद्दल आहे, वर्षांच्या हिशेबाबद्दल नाही.

आता नावे

पाच उत्तरे लिहून झाल्यावरच मतांची नावे घ्या. ख्रिस्त आधी येईल व मग हजार वर्षे राज्य करील, हे प्रीमिलेनियल मत. हजार वर्षे म्हणजे दोन आगमनांमधला चालू काळ, हे अमिलेनियल; नावावरून वाटते तसे हे लोक राज्य नाकारत नाहीत, ते आता सुरू आहे म्हणतात. सुवार्तेच्या आणि पवित्र आत्म्याच्या सामर्थ्याने राष्ट्रे ख्रिस्ताकडे वळतील, आणि त्या दीर्घ काळानंतर तो येईल, हे पोस्टमिलेनियल. मोहरीचा दाणा व खमीर (मत्तय १३:३१-३३) आणि स्तोत्र ११०:१ हे त्यांचे आधार. लूक १८:८ हे त्यांना पडणारे कोडे. माणसे स्वतःच्या बळावर स्वर्ग उभारतील असे त्यांचे म्हणणे असल्याचा आरोप होतो, तो अन्यायाचा आहे.

प्रीमिलेनियल मताचे दोन प्रकार मिसळणे ही सर्वांत जास्त होणारी चूक. जुना प्रकार दुसऱ्या शतकापासून आहे. दुसरा, डिस्पेन्सेशनल, उपदेशक जॉन नेल्सन डार्बी (१८००-१८८२) यांच्यापासून पसरला आणि १९०९ च्या स्कोफील्ड संदर्भ बायबलमुळे घरोघरी गेला. इस्राएल व मंडळी (ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा समुदाय) यांच्यासाठी देवाच्या वेगळ्या योजना, आणि शेवटच्या काळातल्या महासंकटाआधी मंडळीचे वर स्वर्गात उचलले जाणे, ही त्याची वैशिष्ट्ये. जुन्या मताचा माणूस ही दोन्ही न मानता हजार वर्षे मानू शकतो. ‘हजार वर्षे मानता म्हणजे उचलले जाणेही मानता’ असे कुणी म्हणाले की तिथेच थांबवा.

चौथी बैठक: इतर वचने आणि मंडळीचा इतिहास

तीन उताऱ्यांवर प्रत्येक मताची परीक्षा घ्या.

१ करिंथ १५:२३-२६ मध्ये ख्रिस्त, मग त्याच्या येण्याच्या वेळी त्याचे लोक, मग शेवट. पहिल्या ‘मग’मध्ये इतकी शतके मावली, तर दुसऱ्यात हजार वर्षे का मावू नयेत, हा प्रीमिलेनियल प्रश्न रास्त आहे. पण २६ वे वचन ५४ व्याशी जोडून वाचा. शेवटचा शत्रू मृत्यू, आणि मृत्यू गिळला जातो तो विश्वासणाऱ्यांच्या उठण्याच्या वेळी. मग येण्यानंतर हजार वर्षे मृत्यू चालू कसा राहील? याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

यशया ६५:२० मध्ये शंभराव्या वर्षी मरणाऱ्याला तरुण म्हटले आहे. हा सध्याचा काळ नाही, आणि मरण आहे म्हणून अनंतकाळही नाही. मधला काळ हवा, असे प्रीमिलेनियल म्हणतात. पण त्याच उताऱ्यात तीन वचने वर नवे आकाश व नवी पृथ्वी आहे, आणि प्रकटीकरणात ती हजार वर्षांनंतर येते. इथे प्रत्येक मताला काहीतरी वाकवावे लागते. कोण काय वाकवतो ते लिहा.

यहेज्केल ४०-४८ मधले मंदिर फक्त डिस्पेन्सेशनल मताला अडवते. यज्ञ स्मरणार्थ असतील हे त्यांचे नेहमीचे उत्तर, पण ४५:१५ आणि १७ प्रायश्चित्त म्हणतात, आणि इब्री १०:१८ पापार्पण उरले नाही म्हणते.

इतिहास साक्षीसाठी वापरा, निकालासाठी नको. ‘आरंभीचे सगळेच हजार वर्षे मानत’ हे विधान अर्धेच खरे. दुसऱ्या शतकातले लेखक पापियास, जस्टिन मार्टर आणि इरेनेयस मानत होते. पण त्याच जस्टिनने ट्रायफो या यहुद्याबरोबरच्या संवादात कबूल केले की शुद्ध विश्वासाचे अनेक ख्रिस्ती वेगळे मानतात. तिसऱ्या शतकातला अभ्यासक ऑरिजेन तर ठाम विरोधात होता. ‘ऑगस्टीनने सत्तेसाठी मत बदलले’ हेही सोडून द्या. तो स्वतः सांगतो की पूर्वी आपण हजार वर्षांचा विसावा मानत होतो. त्या काळातल्या खाण्यापिण्याची जी वर्णने लोक करीत, त्यांमुळे तो या मतापासून दूर गेला. ‘४३१ च्या इफिस परिषदेने हे मत पाखंड ठरवले’ असेही ऐकू येते. त्या परिषदेच्या कलमांत तसे काही नाही. ३८१ च्या विश्वासांगीकारात (उपासनेत म्हटल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या सारांशात) ख्रिस्त जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करायला येईल आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही एवढेच आहे, आणि चारही मतांचे लोक ते एकत्र म्हणू शकतात.

आपल्या मंडळीचा दस्तऐवज मात्र जरूर काढा. लूथरन मंडळीच्या १५३० च्या आउग्सबुर्ग अंगीकाराचे सतरावे कलम पुनरुत्थानाआधी धार्मिक लोक जगाचे राज्य ताब्यात घेतील ही शिकवण नाकारते. रोमन कॅथलिक मंडळीने १९४४ मध्ये सौम्य स्वरूपाचा सहस्रवर्षवादही (हजार वर्षांच्या राज्याचे मत) सुरक्षितपणे शिकवता येत नाही असे ठरवले. त्या मंडळीतला अभ्यासवर्ग चालवणाऱ्याला हे माहीत हवे.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी बंद करा: तारखा. अमेरिकन उपदेशक विल्यम मिलर यांनी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांवरून ख्रिस्ताच्या येण्याचा हिशेब मांडला. २२ ऑक्टोबर १८४४ आली आणि गेली, आणि हजारो प्रामाणिक माणसांची मने मोडली. हिशेबाची चूक गणितात नव्हती, ती दिवसाला वर्ष धरण्यात आणि आरंभबिंदू स्वतः निवडण्यात होती. ताज्या युद्धाच्या बातमीला गोग-मागोग म्हणणाऱ्याची चूक त्याच जातीची आहे. गटात असा विषय निघाला तर सौम्यपणे पण लगेच २०:८ कडे परत या. तिथे गोग व मागोग पृथ्वीच्या चारही कोपऱ्यांतली राष्ट्रे आहेत, एक देश नाही.

शेवटच्या अर्ध्या तासात वही उघडा आणि पाच उत्तरे शाईने लिहा. प्रत्येकाखाली एक ओळ कारणाची, आणि एक ओळ त्या वचनाची जे तुमच्या उत्तराला सर्वांत जास्त टोचते. दुसरी ओळ कोरी राहिली, तर त्या प्रश्नाची बैठक पुन्हा घ्या.